संघ गाळात गेला की की फॉरवर्ड विकायचे का? कार्लटनच्या निमित्ताने नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फूटबॉल, मनापासून बघणारे मोजून चार-पाच जण, त्यामुळे बाकीच्यांचे सगळे प्रश्न फिरून फिरून आमच्याच डोक्यावर येतात. ऑक्टोबरमध्ये तर कहरच होतो, कारण ट्रेडचा सीझन, म्हणजे क्लब आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात ते दिवस, आणि दिवाळी अगदी पाठीला पाठ लावून येतात. २०२५ ला आमचा की फॉरवर्ड चार्ली कर्नो कार्लटन क्लब सोडून सिडनीला गेला तो ट्रेडचा शेवटचा दिवस, १५ ऑक्टोबर, बायको चकल्या तळत होती आणि मी सोऱ्या दाबायचा सोडून फोन बघत बसलो होतो, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून तेच ते प्रश्न इतक्या वेळा आलेत की एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी कार्लटनवाला आहे, हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

की फॉरवर्ड म्हणजे नक्की कोण? सगळेच तर पळत असतात.

पळतात सगळेच, पण ऑस्ट्रेलियन फूटबॉलमध्ये मैदानावर अठरा जण असतात आणि त्यातले एक-दोन उंच धिप्पाड गडी गोलच्या समोर ठेवलेले असतात, लांबून उंच मारलेला बॉल हवेतल्या हवेत पकडायचा, म्हणजे मार्क घ्यायचा, आणि शांतपणे उभं राहून गोलात मारायचा हे त्यांचं काम. मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर सहा पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर एक. कार्लटनचा दुसरा की फॉरवर्ड हॅरी मॅकाय २०४ सेंटिमीटर आहे, म्हणजे आपल्या घराच्या दारातून वाकूनच यावं लागेल. कबड्डीतला मेन रेडर आठवा, टीमचे पॉइंट बहुतेक त्याच्याच नावावर, आणि टीम हरली की शिव्याही त्यालाच. फरक एवढाच की रेडर स्वतःच्या पायाने पलीकडच्या कोर्टात जातो, की फॉरवर्डला मात्र कुणीतरी बॉल आणून द्यावा लागतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

कार्लटनचं नेमकं काय झालं होतं?

ड्राफ्ट म्हणजे क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो दिवस, आणि निवडायची पाळी म्हणजे पिक. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये कार्लटनने पहिल्या नंबरला जेकब वाइटरिंग घेतला, दहाव्याला मॅकाय आणि बाराव्याला कर्नो. एकाच दिवशी तिघं, असा ड्राफ्ट क्लबच्या नशिबात क्वचित येतो. मग कर्नोचे गुडघे गेले, २०२० चं अख्खं वर्ष तो खेळलाच नाही, आम्ही मनातून त्याला सोडून दिलं होतं. आणि पठ्ठ्याने परत येऊन २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं कोलमन मेडल घेतलं, म्हणजे सीझनला सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याला मिळतं ते. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ ला, तेच मेडल मॅकायचं. तीन वर्षं, तीन मेडल, एकच क्लब. २०२३ ला आम्ही प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे ग्रँड फायनलच्या आदल्या पायरीपर्यंत, गेलो, ब्रिस्बेनकडून हरलो, पुढच्या वर्षी एलिमिनेशन फायनलमध्ये, म्हणजे हरला की बाहेर अशा मॅचमध्ये, पुन्हा ब्रिस्बेनकडूनच, आणि २०२५ ला पहिल्या चारही मॅच हरून सुरुवात. शेवटी नऊ जिंकल्या, चौदा हरल्या, अकरावा नंबर. आणि सीझन संपता संपता कर्नो म्हणाला मला जायचंय.

गोल होत नाहीयेत, मग गोल मारणारेच बदला ना? सरळ हिशेब आहे.

हा प्रश्न मला दर वर्षी येतो आणि दर वर्षी माझं तेच उत्तर, नळाला पाणी येत नाही म्हणून तोटी बदलून काय होणार आहे. टाकी बघा, मधली लाइन बघा.

एकदा एमसीजीला गोलच्या मागच्या स्टँडमध्ये बसून मॅच बघा, टीव्हीवर हे दिसत नाही कारण टीव्ही बॉलच्या मागे जातो. मी एका मॅचला एक अख्खं क्वार्टर फक्त कर्नोकडे बघत बसलो होतो, बॉल कुठे का असेना. मधे बॉल मिळाला की हा जीव तोडून डावीकडे पळाला, आमच्या माणसाने बॉल उजवीकडे दिला. हा वळला, परत आत आला, पुन्हा पळाला, तोवर आमचा माणूस थांबून इकडे तिकडे बघतोय. तिसऱ्यांदा पळाला तेव्हा बॉल आला एकदाचा, पण आकाशातून, आणि तो खाली येईपर्यंत तीन डिफेंडर त्याच्या अंगावर येऊन बसले होते. बॉल खाली पडला, समोरच्यांनी उचलला आणि गेले. माझ्या मागचा माणूस ओरडला, कर्नो, एक तरी पकड रे! साधारण दीडशे मीटर पळून झालं होतं त्याचं, मी मोजत होतो म्हणून मला माहीत.

२०२५ च्या कार्लटनचं दुखणं माझ्या मते हेच होतं. बॉल पुढे जायचा नाही असं नव्हतं, जायचा तो कसातरी जायचा, उंच, आंधळा, लांब, दोन उंच माणसं उभी आहेत ना मग टाका त्यांच्या डोक्यावर. आमच्या क्रिप्ससारखा दोनदा ब्राउनलो मेडल, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल, मिळवलेला माणूस बॉल खेचून काढतो हो, पण काढलेला बॉल पंचेचाळीस मीटरवर नेमका छातीत देणारा पाय लागतो आणि तसे पाय आमच्याकडे कमी. अशा वेळी फॉरवर्ड विकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

क्लब पाहिजे तेव्हा, पाहिजे त्याला विकू शकतो का? आयपीएलसारखं?

नाही, आणि इथेच निम्म्या चर्चा चुकीच्या सुरू होतात. एएफएलमध्ये, म्हणजे फूटीच्या या लीगमध्ये, करार चालू असलेल्या खेळाडूला त्याच्या मर्जीशिवाय दुसरीकडे पाठवता येत नाही. तो नाही म्हणाला की विषय संपला. त्यामुळे मॅकायला विका आणि दोन मिडफिल्डर आणा असं घरी सोफ्यावर बसून म्हणणं सोपं आहे, मॅकायला विचारलंय का कुणी?

उलट बाजूने मात्र गंमत आहे, खेळाडूने मला जायचंय म्हटलं आणि क्लबचं नाव घेतलं की करार कितीही वर्षांचा असला तरी त्याला धरून ठेवणं जड जातं. कर्नोचा करार २०२९ पर्यंत होता! म्हणजे कागदावर कार्लटन म्हणू शकत होतं बस इथेच. पण नाखूश माणूस चार वर्षं ड्रेसिंग रूममध्ये बसवून ठेवायचा का, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे जडेजा चेन्नईतून राजस्थानला गेला आणि बदल्यात संजू सॅमसन आला ते याच काळात झालं, २०२५ च्या नोव्हेंबरात, तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये एकाने लिहिलं की बघ, तुमच्याकडचं लोण आमच्याकडे आलं. तसं काही नाही, पण ठीक आहे.

ज्याचा करार संपलाय आणि ज्याची क्लबमध्ये आठ वर्षं झालीत त्याची गोष्ट वेगळी, तो फ्री एजंट होतो. हा नियम २०१२ पासून आहे. तो गेला तर जुन्या क्लबला लीगकडून भरपाई म्हणून ड्राफ्टची एक पिक मिळते, समोरच्या क्लबचं काहीच जात नाही. तळातल्या क्लबला ही भरपाई घसघशीत मिळू शकते, वेस्ट कोस्टचा ऑस्कर ॲलन २०२५ ला ब्रिस्बेनला गेला तेव्हा वेस्ट कोस्टला दुसऱ्या नंबरची पिक मिळाली, कारण ते अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच जिंकून शेवटचे आले होते. म्हणजे जितके वाईट खेळाल तितकी भरपाई मोठी, हे न्याय्य आहे की नाही यावर इथे लोक पब बंद होईपर्यंत भांडतात.

बरं मग विकायचाच झाला तर कधी विकावा?

माझ्यापुरतं मी असं धरतो. एक, त्याला स्वतःला जायचं असेल. दोन, त्याचं वय आणि संघाचं वय जुळत नसेल, म्हणजे तो अठ्ठावीस-एकोणतीसचा आहे आणि बाकी पोरं एकवीसची, पोरं तयार होतील तेव्हा हा निवृत्तीचं भाषण लिहीत असेल. तीन, त्याच्या जागी उभा राहील असा कुणीतरी, भले कच्चा असेल, पण घरात असेल. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर विचार करावा. नुसता संघ हरतोय हे कारण यात नाही. आणि सोशल मीडियावर लोक चिडलेत हे तर नाहीच नाही.

पैशाचंही एक आहे. प्रत्येक क्लबला पगाराची मर्यादा सारखीच असते, की फॉरवर्ड हे सगळ्यात महागडे गडी, त्यामुळे एक गेला की बरीच जागा मोकळी होते. पण मोकळी जागा गोल मारत नाही. ती भरायला कुणीतरी यायला तयार हवं, आणि अकराव्या नंबरच्या क्लबकडे कुणी उड्या मारत येत नाही.

मग कर्नोला सोडलं ते बरोबर की चूक?

मन म्हणतं चूक, डोकं म्हणतं बरोबर. तो अठ्ठावीस वर्षांचा होता, गुडघ्याचा इतिहास होता, आणि मुख्य म्हणजे त्याला जायचं होतं. बदल्यात सिडनीचा विल हेवर्ड आला, पहिल्या फेरीच्या पिक्स आल्या, आणि ऑली फ्लोरंटही सिडनीहूनच आला. हेवर्ड उंच नाही पण चपळ फॉरवर्ड आहे, तयार आहे, उद्या सकाळी खेळू शकतो, हे मला आवडलं. सगळंच भविष्यावर टाकलं नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, मूळचे इटालियन, पन्नासच्या दशकात लहानपणी बोटीने आलेले, कार्लटनची शेवटची प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, १९९५ ची, त्यांनी मैदानात बसून बघितलीय. टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावतात मॅचला, रेडिओ थोडा पुढे असतो, त्यामुळे गोल त्यांना दिसायच्या आधी ऐकू येतो आणि मला ते फार विचित्र वाटतं. कर्नोची बातमी आली त्या संध्याकाळी मी चकल्या घेऊन गेलो तर त्यांनी एकच विचारलं, जज नाही ना परत? मला आधी कळलंच नाही. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

जजची काय भानगड?

ही खरी दुखरी नस. २००७ ला वेस्ट कोस्टचा कॅप्टन ख्रिस जड, किंवा जज, आपण काहीही म्हणतो, त्या वेळचा देशातला सगळ्यात भारी मिडफिल्डर, घरी मेलबर्नला यायचं म्हणाला. कार्लटन तेव्हा लॅडरच्या, म्हणजे गुणतक्त्याच्या, तळाशी. त्याच्या बदल्यात आम्ही तिसरी पिक दिली, आणखी एक पिक दिली आणि वर जॉश केनेडी नावाचा वीस वर्षांचा पोरगा दिला, २००५ ला चौथ्या नंबरवर घेतलेला की फॉरवर्ड, तोवर फारसं काही न केलेला.

जड आला, कॅप्टन झाला, २०१० ला ब्राउनलो जिंकला, खरंच सुंदर खेळला, मी त्याच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण प्रीमियरशिप नाही आली. आणि तिकडे केनेडीने वेस्ट कोस्टकडून सातशेच्या वर गोल मारले, त्या क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त, २०१५ आणि २०१६ ला कोलमन, २०१८ ला प्रीमियरशिप. तेव्हा कार्लटन कुठे होतं? २०१८ ला शेवटच्या नंबरवर.

यातून काही लोक असा अर्थ काढतात, की फॉरवर्ड असा कधीच विकू नये. मला वाटतं खरी चूक होती ती वीस वर्षांचा विकण्यात. उंच माणसाला अंगात ताकद यायलाच वेळ लागतो, तेवीस-चोविसाव्या वर्षापर्यंत तो नुसता हाडकुळा असतो, तिशीतले डिफेंडर त्याला कोपराने बाजूला सारतात. विकायचाच तर पिकलेला विका, कैरी विकू नका.

दोघांनाही विकून एकदाच सगळं नव्याने उभारलं असतं तर?

नको. एक तर मॅकायने कुठे जायचं म्हटलंय? आणि दुसरं, दोन्ही खांब काढल्यावर छत कशावर राहणार. तरुण मिडफिल्डरलासुद्धा वर बघितलं की दिसेल असा एक माणूस लागतो पुढे, नाहीतर तो बॉल मारायचा कुणाकडे, आणि शिकायचं काय. नॉर्थ मेलबर्नचं बघा. बेन ब्राउनने २०१७, २०१८, २०१९ तिन्ही वर्षं साठच्या वर गोल मारले होते, २०२० ला गुडघ्याने त्रास दिला, टीम सतराव्या नंबरवर आली आणि क्लबने त्याला सांगितलं दुसरीकडे बघ. गेला मेलबर्नला, किरकोळ पिक्सच्या बदल्यात. दुसऱ्याच वर्षी मेलबर्नने सत्तावन्न वर्षांनी प्रीमियरशिप जिंकली आणि ग्रँड फायनलमध्ये ब्राउनचे तीन गोल होते. नॉर्थ त्या वर्षी शेवटचं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा शेवटचं, मग दोनदा सतरावं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर नॉर्थकडे निक लार्की होता, २०२३ ला त्याने एकाहत्तर गोल मारले, तेही सतराव्या नंबरच्या टीममधून! म्हणजे ब्राउनच्या जागेचा प्रश्न सुटला होता की. तरी टीम तिथेच. याचा अर्थ तुम्हीच लावा, मी मगाशी तोटीचं बोललोच आहे.

पण पहिल्या फेरीच्या दोन-तीन पिक्स म्हणजे सोनंच की!

बाजारात तुरी. २००५ पासून कार्लटनला पहिल्या नंबरची पिक पाच वेळा मिळालीय, मर्फी, गिब्स, क्रूझर, वाइटरिंग, वॉल्श. पाच! त्यातला एकही वाईट नाही, काही तर फार मोठे झाले. प्रीमियरशिप किती? शून्य. पिकवर विश्वास ठेवायचा तर आमच्याइतका पुरावा कुणाकडे नाही, आणि तो उलटाच पडतो.

एसेंडनचं घ्या. जो डॅनिहर २०२० ला फ्री एजंट म्हणून ब्रिस्बेनला गेला, भरपाईत पहिल्या दहातली पिक मिळाली, त्या ड्राफ्टमध्ये एसेंडनने आठ, नऊ आणि दहा अशा ओळीने तीन पोरं घेतली, पेपरवाल्यांनी तेव्हा कौतुकाचा पाऊस पाडला. डॅनिहरने २०२४ ला ब्रिस्बेनबरोबर प्रीमियरशिप जिंकली आणि तिसाव्या वर्षी हसत हसत निवृत्त झाला. एसेंडन २००४ नंतर एकही फायनल्सची, म्हणजे साखळी संपल्यावरच्या फेऱ्यांतली, मॅच जिंकलेलं नाही. ऑफिसात एक एसेंडनवाला आहे, त्याच्यासमोर मी हा विषय काढत नाही, माणसाने माणुसकी सोडू नये.

सिडनीतलाच दुसरा क्लब जीडब्ल्यूएस, त्याला २०२० ला जेरेमी कॅमेरनच्या बदल्यात जिलाँगकडून पहिल्या फेरीच्या तीन पिक्स मिळाल्या. दोन वर्षांत जिलाँगने ग्रँड फायनल सिडनीला एक्क्याऐंशी पॉइंटने चिरडून जिंकली. आणि कॅमेरनची जागा भरली कुणी? त्या तीन पिक्सनी नव्हे, तर जेसी होगनने, ज्याला फ्रीमँटलने जवळजवळ फुकटात सोडलं होतं आणि ज्याला लोकांनी संपलेला धरलं होतं. २०२४ चं कोलमन त्याचं. भंगारातून सोनं निघालं, आणि सराफाकडून आणलेलं तसंच राहिलं.

म्हणजे की फॉरवर्ड विकून कुणाचंच भलं झालेलं नाही?

झालंय, आणि सगळ्यात मस्त उदाहरण त्याच होगनचं, आधीच्या ट्रेडचं. २०१८ ला मेलबर्नने होगन फ्रीमँटलला दिला, त्यात सहावी पिक आली. ती पिक त्यांनी ड्राफ्टपर्यंत ठेवलीच नाही, लगेच गोल्ड कोस्टला दिली आणि स्टीव्हन मे घेतला, तयार, तगडा की डिफेंडर, सोबत आणखी एक खेळाडू. तोच मे २०२१ च्या प्रीमियरशिप टीमचा कणा. म्हणजे पुढचा खांब विकून मागचा खांब घेतला, कारण पुढे त्यांच्याकडे माणसं होती आणि मागे नव्हती. पिक हातात आली म्हणून तुरी पेरायला गेले नाहीत, त्याच बाजारात खपवून आले. मला विचाराल तर ट्रेड असा करावा.

आता गोष्ट पुढे बघा. ती सहावी पिक गोल्ड कोस्टकडे गेली, त्यावर त्यांनी बेन किंग घेतला, उंच फॉरवर्ड. त्याच वर्षी त्यांचा स्वतःचा को-कॅप्टन आणि की फॉरवर्ड टॉम लिंच रिचमंडला निघून गेला होता आणि भरपाईत तिसरी पिक मिळाली होती, तिच्यावर आयझॅक रँकिन. लिंचने रिचमंडला जाऊन २०१९ आणि २०२० अशा दोन प्रीमियरशिप घेतल्या. रँकिन चार वर्षांत ॲडलेडला गेला. किंग राहिला. आणि गोल्ड कोस्ट पहिल्यांदा फायनल्सला पोचलं कधी? २०२५ ला, पहिलीच फायनल पर्थला जाऊन फ्रीमँटलविरुद्ध एका पॉइंटने जिंकले. सात वर्षं! तुमच्याकडे सात वर्षांचा धीर आहे का? क्लबच्या बोर्डाकडे तर सात आठवड्यांचा नसतो.

खेळाडू राहू दे, कोचच बदला ना.

तोही उपाय करून झालाय. माल्टहाउसला २०१५ च्या मधेच काढलं, बोल्टनला २०१९ च्या मधेच, टीगला २०२१ संपल्यावर, मग व्हॉस आला. वर लिहिलेल्या कार्लटनच्या २०१५ पासूनच्या सगळ्या गोष्टी यातल्या कुणाच्या ना कुणाच्या काळात झाल्यात. पुढे.

सगळे की फॉरवर्ड सिडनीलाच का जातात?

हा माझा आवडता प्रश्न. टोनी लॉकेट सेंट किल्डाहून गेला, १९९५ पासून सिडनीला खेळायला लागला, सिडनी त्याआधी लागोपाठ तीन वर्षं शेवटचं होतं, आणि १९९६ ला थेट ग्रँड फायनल. मग बॅरी हॉल, तोही सेंट किल्डाचाच, तो २००५ ला कॅप्टन असताना प्रीमियरशिप. मग लान्स फ्रँकलिन हॉथॉर्नहून, नऊ वर्षांचा करार, साधारण एक कोटी डॉलर, त्याने सिडनीतच हजारावा गोल मारला तेव्हा हजारो लोक मैदानात घुसले होते, पण प्रीमियरशिप मात्र त्याला तिकडे एकही नाही, तीन ग्रँड फायनल हरला. त्याने सोडलेल्या हॉथॉर्नने त्याच्याशिवाय २०१४ आणि २०१५ जिंकल्या.

बघा म्हणजे, गाळातल्या टीमने की फॉरवर्ड विकत घेऊन वर आल्याचं लॉकेट हे उदाहरण आहे. दुसरं बुलडॉग्जचं, २०१४ ला त्यांचा कॅप्टन गेला, टीम खालून पाचवी, आणि त्यांनी काय केलं तर तो कॅप्टन आणि सहावी पिक देऊन टॉम बॉइड आणला, एकोणीस वर्षांचा, अवघ्या नऊ मॅच खेळलेला, सात वर्षांचा करार. अख्ख्या मेलबर्नने खुळ्यात काढलं त्यांना. २०१६ ला बासष्ट वर्षांनी प्रीमियरशिप आली तेव्हा ग्रँड फायनलमध्ये बॉइडचे तीन गोल, त्यातला एक तर सेंटर स्क्वेअरच्या आसपासून, उसळत उसळत गेला. त्या दुपारी तो करार स्वस्त वाटला सगळ्यांना.

तस्मानियाची टीम येतेय, त्याचा याच्याशी काय संबंध?

बराच आहे. ती २०२८ ला येणार आहे आणि नव्या क्लबला उभं राहायला ड्राफ्टमध्ये झुकतं माप मिळणार, म्हणजे त्या सुमाराच्या पिक्स बाकीच्यांसाठी दिसतात तेवढ्या मोठ्या राहणार नाहीत. त्यामुळे कुणी तुमच्या फॉरवर्डच्या बदल्यात दोन-तीन वर्षांनंतरच्या पिक्स देत असेल तर पावती नीट वाचून घ्या. कार्लटनला पिक्स लागतात त्याचं आणखी एक कारण म्हणजे वडील-मुलगा नियम, जुन्या खेळाडूच्या मुलावर क्लबचा पहिला हक्क असतो पण तो फुकट नसतो, तितक्या किमतीच्या पिक्स हातात असाव्या लागतात. हॅरी डीन २०२५ ला तसाच आला, तिसऱ्या नंबरला. तो डिफेंडर आहे, पण उंच आहे, आणि मला उंच पोरगा दिसला की बरं वाटतं.

माझ्या पोराकडे कर्नोची तीस नंबरची जर्सी आहे. आता काय करू?

आमच्याकडेही आहे. धाकट्याने दोन दिवस घातली नाही, तिसऱ्या दिवशी शाळेत फूटी डे होता तेव्हा घालून गेला, कारण दुसरी नव्हती. एकाने चिडवलं म्हणून घरी येऊन रडला. मी म्हटलं मॅकायची दहा नंबरची घेऊ, तर म्हणतो आणि तो पण गेला तर? मला काही सुचेना. शेवटी शेजारच्या आजोबांनी त्यांच्या कपाटातून एक जुनी लोकरीची काढून दिली, पाठीवर नंबरच नाही, कोपरावर रफू केलेली, त्याला गुडघ्यापर्यंत येते. तीच घालून झोपतो सध्या.